सूतमावशीची उडती बॉबिन

सूतमावशीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघत नाही. दुसऱ्याच कुणाला तरी बोलावताहेत, अशी तिची प्रामाणिक समजूत असते. शिवणकामात सूत म्हणजे दोन गोष्टी. एक म्हणजे धागा, दुसरी म्हणजे इंचाचा आठवा भाग. मावशीचा संसार या दोन्हींवर उभा आहे. गेली तीस वर्षं ती दिवसातून किमान वीस वेळा "सूतभर कमी पडतंय" किंवा "सूतभर जास्त झालंय" म्हणत आली आहे, आणि गल्लीने नाव ठेवताना फार विचार करण्याची गरजच तिने ठेवली नाही.

एकदा एक गिऱ्हाईक नवा शर्ट घालून आरशात बघून, खूश होऊन, आभार मानून निघालं होतं. मावशीने त्याला पायरीवरून परत ओढून आणलं. "डावी बाही सूतभर उतरलीय," म्हणाली. तो म्हणाला, "मला काही दिसत नाही." ही म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही म्हणून तर मी शिवते." मग शर्ट उतरवून घेतला आणि त्या सभ्य गृहस्थाला बनियनवर पाऊण तास स्टुलावर बसवून ठेवलं. तेव्हापासून तो शर्ट घेऊन जाताना आरशात बघतच नाही, पळत सुटतो.

मावशीचा नवरा बसमध्ये कंडक्टर होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण गळ्यातली बस काही उतरली नव्हती. स्वयंपाकघरात मावशी ओट्यापाशी उभी असली की मागून "पुढे सरका, पुढे जागा आहे" असा पुकारा व्हायचा. त्यांच्या घराची बाहेरची खोली म्हणजे मावशीचं दुकान. मागच्या भिंतीला पायाची मशीन, शेजारी कापडांचा ढीग, आणि मावशीच्या गळ्यात कायमची टेप. जेवताना टेप, भांडताना टेप. झोपतानाही असते असं कंडक्टर सांगायचा, पण त्याच्या सांगण्यातून निम्मं वजा करायचं असतं.

अशा या मावशीने बावन्नाव्या वर्षी दहावीचा फॉर्म भरला, त्यालाही कारण होतं.

दोन गल्ल्या पलीकडे, वह्या-पुस्तकांच्या दुकानावर, एक शिवणवर्ग चालतो. मावशी तिथे अकरा वर्षं मदतनीस होती. कागदोपत्री मदतनीस, प्रत्यक्षात सगळं तीच शिकवायची. मुख्य शिक्षिका खुर्चीवर बसून हजेरी घ्यायच्या आणि उरलेल्या वेळात स्वेटर विणायच्या. त्या निवृत्त व्हायच्या होत्या. संस्थेचे सचिव स्वतः मावशीच्या दुकानात येऊन म्हणाले, "मावशी, शिक्षिका म्हणून तुम्हीच हव्यात. पण नियमात दहावी उत्तीर्ण लिहिलंय. तीन परीक्षांपर्यंत जागा रिकामी ठेवतो. त्यानंतर मात्र माझे हात बांधलेले."

जागा दुसऱ्या कुणाला गेली असती तरी मावशीने एक वेळ गिळलं असतं. पण दुसरी उमेदवार होती मावशीचीच जुनी विद्यार्थिनी, जिला सगळे कॉलरवाली म्हणत. पोरगी गोड होती, दहावी पहिल्या वर्गात पास होती, आणि तिने एकदा शर्टाला कॉलर उलटी जोडून वर इस्त्री केली होती. उद्या तीच मुख्य शिक्षिका होणार आणि मावशी तिच्या हाताखाली मदतनीस!

म्हणून ती दुपारच्या प्रौढ वर्गात जाऊन बसली. भाषा झाली, इतिहास झाला, गणित तर झोकात झालं. ज्या बाईने आयुष्यभर अडीच मीटर कापडात तीन मीटरचं काम बसवलं तिला गणिताचं काय भय? घोडं अडलं विज्ञानात. पहिल्या वेळी एकतीस गुण, दुसऱ्या वेळी तेहेतीस. पास व्हायला पस्तीस.

"दर खेपेला दोन-दोनने पुढे सरकतेयस," कंडक्टर म्हणाला. "पुढच्या स्टॉपला उतरशीलच."

"तुम्ही गप्प बसा हो," मावशी म्हणाली. पण आता तिसरी आणि शेवटची खेप होती, आणि त्यात प्रयोगाला वीस गुण होते.

वर्गाच्या बाई वयाने मावशीच्या निम्म्या. त्यांच्या शाळेच्या गणवेशापासून लग्नाच्या कपड्यांपर्यंत सगळं मावशीनेच शिवलेलं, त्यामुळे वर्गात दोघींची फार पंचाईत व्हायची. बाई "मावशी, उत्तर द्या" म्हणायच्या आणि मावशी उत्तर द्यायच्या आधी म्हणायची, "बाई, तुमचा खांदा उसवलाय, जाताना टाका घालून जा."

या बाईंनी वर्गातल्या अकराही जणांना एकच प्रयोग दिला. फेकलेली वस्तू कोणत्या कोनात सोडली तर सगळ्यात लांब जाते, ते करून पाहायचं. साधन स्वतः बनवायचं, दर कोनाला पाच वेळा वस्तू सोडायची, अंतरं मोजायची, सरासरी काढायची, वहीत लिहायची. दुपारी मिळालेला हा प्रयोग संध्याकाळपर्यंत दहा जणांनी करूनही टाकला, गाईडमधून. गल्लीच्या टोकाचा पाववाला मावशीच्याच बाकावर बसायचा. त्याने तर वही भरून तिच्यापुढे नाचवली.

"वस्तू कुठली वापरलीस?" मावशीने विचारलं.

"दगड."

"कुठाय दगड?"

"गाईडमध्ये," पाववाला म्हणाला. "मावशी, उगाच जीव कशाला घालवता? पंचेचाळीस अंशाला सगळ्यात लांब, तीस आणि साठला सारखं, पंधरा आणि पंचाहत्तरला सारखं. झालं. मी तर आकडे पाठ पण केलेत."

पण मावशीने उभ्या जन्मात दुसऱ्याने घेतलेल्या मापावर कापडाला कात्री लावली नव्हती. ती घरी आली आणि कामाला लागली. वीतभर प्लास्टिकचा पाइप उभा चिरून पन्हळ केली. तिच्या मागच्या बाजूला दोन खिळे ठोकून त्यांत कमरेला घालायचं रुंद इलॅस्टिक ताणलं. उडवायला घेतली मशीनची बॉबिन, म्हणजे ती छोटी लोखंडी रीळ, दोऱ्याने गच्च भरलेली. पन्हळीला कोनमापक चिकटवलं आणि त्यावर एक दोरा सोडून खाली कोटाचं बटण बांधलं. गवंड्याचा ओळंबा असतो तसा तो दोरा सरळ खाली लोंबायचा आणि कोन दाखवायचा. इलॅस्टिक दर वेळी खडूच्या एकाच रेघेपर्यंत मागे ओढायचं, ना इकडे ना तिकडे. हे सगळं तिने मशीनच्या लाकडी फळीवर शिकंज्याने घट्ट बसवलं.

बॉबिन पडते कुठे ते कळायलाही युक्ती हवी होती, कारण पडल्यावर ती घरंगळत जाते. मावशीने दारापर्यंत काळं अस्तराचं कापड अंथरलं आणि त्यावर शिंप्याच्या खडूची भुकटी शिंपडली. बॉबिन जिथे पहिल्यांदा टेकेल तिथे ठसा उठायचा. दाराशी कंडक्टरला बसवलं.

"सोडतेय हो!"

"सोड! दरवाजा मोकळा आहे!"

सट्! बॉबिन सुटली, खोलीतून कमान काढत गेली आणि कापडावर टपकन पडली.

"उतरली!" कंडक्टर ओरडला.

ती टेप घेऊन ठशापाशी वाकली. गुडघ्यांनी कुरकुर केली. मावशीचे गुडघे म्हणजे घरातला तिसरा माणूस, आणि सगळ्यात बोलका. पण त्या संध्याकाळी पंचवीस वेळा बॉबिन उडाली आणि पंचवीस वेळा मावशी वाकली. वहीत आकडे मांडले ते असे: पंधरा अंशाला दोनशे त्र्याण्णव सेंटिमीटर, तीसला तीनशे चोपन्न, पंचेचाळीसला तीनशे एकसष्ट, साठला दोनशे सत्त्याण्णव आणि पंचाहत्तरला कशीबशी एकशे अडुसष्ट.

मावशीने आकड्यांकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. तीस आणि साठ सारखे यायला हवे होते. इथे फरक निघाला चांगला सत्तावन्न सेंटिमीटरचा. सूतभर नव्हे, हातभर!

दुसऱ्या दिवशी तिने नवं इलॅस्टिक लावून पुन्हा पंचवीस वेळा उडवली. आकडे तेच. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, मधले कोनही पाहावेत, म्हणून चाळीस अंशाला लावून बघितलं. बॉबिन तीनशे सदुसष्टवर पडली. म्हणजे गाईडमधल्या राजाधिराज पंचेचाळीसपेक्षाही सहा सेंटिमीटर पुढे!

"तुझ्या बॉबिनने गाईड वाचलेलं दिसत नाही," कंडक्टर म्हणाला.

मावशी वही घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी आकडे दोनदा वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, हे विज्ञानाच्या विरुद्ध आहे."

"मी काय केलं विरुद्ध? मी नुसती सोडली. गेली तिची ती."

"कोन चुकला असेल."

"ओळंबा लावलाय."

"मग मोजमाप?"

या शब्दावर मावशीने बाईंकडे असं बघितलं की बाईंनी घाईघाईने पुढे बोलून टाकलं, "नाही नाही, तुमचं मोजमाप कसं चुकेल! पण मावशी, खरं सांगू? माझा विषय रसायन. हे मी पण पुस्तकात वाचूनच शिकवतेय. असं का येतंय ते मला सांगता येत नाही. आणि परीक्षकांना पुस्तकातलंच लागतं. तुमची नोकरी यावर आहे. तुम्ही पुस्तकातले आकडे लिहा. मी एक शब्द बोलणार नाही."

घरी येईपर्यंत मावशीच्या डोक्यात तेच घोळत होतं. कंडक्टरही या वेळी चेष्टा विसरून म्हणाला, "अगं, दोन गुणांचा प्रश्न आहे. लिहून टाक ना तीनशे आणि तीनशे. कोण बघायला येतंय?"

मावशीने कोरं पान उघडलं. पेन हातात घेतलं. तीस अंशापुढे बराच वेळ टोक टेकवून बसली. मग पेन बंद केलं.

"अहो, कपडा अंगाला बसला नाही तर आपण काय कापतो? कपडा का अंग?"

"कपडा."

"मग! आलेलं माप म्हणजे अंग. ते कापून पुस्तकात बसवू? उद्या त्या पोरींना कुठल्या तोंडाने सांगू, मापात खोटं करू नका म्हणून?"

कंडक्टरने ते कोरं पान उलटवून वही तिच्याकडे सरकवली. बत्तीस वर्षांत एकाही उतारूने त्याला असं मधल्याच स्टॉपवर उतरवलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत सगळे हजर होते. मावशीने पन्हळ, काळं कापड आणि खडूची भुकटीही पिशवीत भरून आणली होती. परीक्षक बाहेरच्या शाळेतून आले होते. उंच, किडकिडीत, जाड चष्म्याचे आणि सकाळपासून तेच तेच ऐकून कंटाळलेले. एकेकाची वही ते अर्ध्या मिनिटात बघत, सही करत, पुढची घेत. पाववाल्याने पाठ केलेले आकडे घडाघडा म्हणून दाखवले आणि शाबासकी मिळवली. जाता जाता त्याने मावशीला डोळा मारला.

मावशीची वही हातात घेतली आणि परीक्षकांचा सहीचा हात वाटेतच थांबला.

"हे काय?"

"माझा प्रयोग, सर."

"तीसला तीनशे चोपन्न आणि साठला दोनशे सत्त्याण्णव? हे सारखे यायला हवेत. आणि चाळीस कुठून काढलात?"

"मीच काढला, सर. मधलं माप बघावंसं वाटलं."

"कशाने मोजलंत?"

मावशीने गळ्यातली टेप काढून दिली. परीक्षकांनी ती उलटीपालटी केली आणि त्यांचे डोळे चमकले. "अहो बाई, याचं टोकच गेलंय! सुरुवातीचे आकडे पुसले गेलेत. मग माप बरोबर येणार कसं?"

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी मान खाली घातली. मावशी मात्र ताठ उभी राहिली.

"सर, तीस वर्षांच्या टेपचं टोक झिजतंच. म्हणून मी शून्यापासून मोजत नाही, दहापासून मोजते आणि शेवटी दहा वजा करते. घ्या, या टेबलाची रुंदी मोजते, तुमच्या पट्टीने तपासा."

तपासलं. एका मिलिमीटरचाही फरक निघाला नाही. पण परीक्षक हटणाऱ्यातले नव्हते. "टेप ठीक असेल," ते म्हणाले, "पण निरीक्षणं चूक आहेत. या, तुम्हाला दाखवतो कशी असायला हवीत."

त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर एक आडवी रेघ मारली. त्या रेघेवरून उठून पुन्हा त्याच रेघेवर उतरणारी सुबक कमान काढली. "ही पंचेचाळीसची. ही तीसची, बसकी. ही साठची, उंच. दोन्ही इथेच येऊन पडतात. बघितलंत?"

मावशी बघत होती. गाईडमध्ये चित्रंच नव्हती, आकडे तेवढे होते, त्यामुळे ही कमान ती पहिल्यांदाच पाहत होती. आणि ती पाहत होती शिंपिणीच्या डोळ्यांनी. तिला ती कमान नव्हतीच दिसत. तिला दिसत होता उलटा धरलेला गोल गळा. गळा आखताना पहिली गोष्ट कोणती, तर त्याची दोन्ही टोकं दोन खांद्यांवर एकाच उंचीवर टेकायला हवीत. फळ्यावरचा गळा टेकत होता. दोन्ही टोकं एकाच रेघेवर, खांद्याला खांदा. आणि तिचा?

"अगं बाई!" मावशी मोठ्याने म्हणाली.

"काय झालं?"

"सर, हा गळा दोन्ही खांद्यांवर सारखा टेकलाय."

"कसला गळा?" परीक्षकांनी चष्मा वर केला.

"ही तुमची कमान हो. इथून उठते आणि तिथे पडते, दोन्हीकडे रेघ एकच. माझी बॉबिन सुटते मशीनच्या फळीवरून आणि पडते खाली जमिनीवर. माझा एक खांदा वर आणि एक खाली! असा गळा कुणालाच बसायचा नाही. बसकी सुटलेली बॉबिन जोरात पुढे चाललेली असते, तिला खाली पडायला उंचीमुळे आणखी वेळ मिळाला की ती लांब जाणारच. उभी सुटलेली आधीच पुढे हळू जाते, तिला तेवढ्याच वेळाचा काय फायदा?"

परीक्षकांनी हातातला खडू खाली ठेवला.

"तुम्ही साधन मशीनवर का ठेवलं होतं?"

"गुडघे, सर," मावशी म्हणाली. "खाली बसले की उठता येत नाही. आणि मशीन सोडून दुसरीकडे कुठे काम मांडायची मला सवयच नाही. कापायचं, जोडायचं, जेवणाचा डबा ठेवायचा, सगळं त्याच फळीवर. ती जमिनीपासून पंचाहत्तर सेंटिमीटर वर आहे हे ध्यानातच आलं नाही. तीस वर्षांत तीच माझी जमीन झाली." मग तिने हात जोडले नाहीत की विनवणी केली नाही. गिऱ्हाइकाला सांगावं तसं सरळ सांगितलं, "सही थांबवा. मला खाली बसून करून दाखवू द्या."

"गुडघ्यांचं काय?"

"गुडघ्यांना परीक्षा द्यायची नाहीये."

परीक्षक पहिल्यांदा हसले. बाक सरकवले गेले. पाववाल्याने मावशीला एका बाजूने धरलं, बाईंनी दुसऱ्या बाजूने, आणि मावशी हळूहळू जमिनीवर बसली. बसताना तोंडातून जो आवाज निघाला तो तिने "हं, आता सरळ आहे" या वाक्यात कसाबसा लपवला. पन्हळ फरशीवर टेकवली. काळं कापड अंथरलं, भुकटी शिंपडली. कंडक्टरला आत यायची परवानगी नव्हती, पण तो खिडकीशी उभा होता, आणि त्याला ओरडू नका असं कुणी सांगितलं नव्हतं.

तीस अंश. पाच वेळा. "उतरली!" खिडकीतून पाच पुकारे आले. सरासरी दोनशे एकाहत्तर.

साठ अंश. मावशीने ओळंबा बघितला, इलॅस्टिक रेघेपर्यंत ओढलं. बॉबिन उभ्या असलेल्या बाईंच्या खांद्यापर्यंत जाऊन आली. पाच वेळा. बाई स्वतः कागदावर बेरीज करत होत्या. पाचाने भागलं. दोनशे सदुसष्ट.

"चार सेंटिमीटरचा फरक!" बाईंच्या तोंडून निघालं. सत्तावन्नाचे चार.

"तो पन्हळीच्या तोंडाचा असेल," मावशी जमिनीवरूनच म्हणाली. "तेही वीतभर वर येतंच ना थोडं."

"असेल नाही, तोच आहे," परीक्षक म्हणाले. ते आता कापडाच्या कडेला उकिडवे बसले होते आणि त्यांच्या पँटच्या गुडघ्याला खडूची भुकटी लागली होती. "आता पंचेचाळीस करा. नाही, थांबा. एक मला सोडू द्या."

एक म्हणता म्हणता त्यांनी तीन सोडल्या. पंचेचाळीसला तीनशे बारा भरली, चाळीसला त्याहून कमी. तसं बघितलं तर गाईडही खोटं नव्हतं आणि मावशीची वहीही खोटी नव्हती. दोघांचे खांदे तेवढे वेगळे होते.

मग परीक्षक उठले, बाकीच्या दहा वह्या त्यांनी पुन्हा समोर घेतल्या आणि एकेक उघडत गेले. दहाही वह्यांत तीसला आणि साठला अगदी सारखा आकडा होता, दशांश चिन्हासकट.

"एका मिलिमीटरचाही फरक नाही?" त्यांनी पाववाल्याला विचारलं.

"सर, आमचा हात फार स्थिर आहे," पाववाला म्हणाला.

"मग उद्या त्याच स्थिर हाताने सगळे इथे येऊन प्रयोग करायचा. माझ्यासमोर. खाली बसून." मग ते मावशीकडे वळले. "गुण सांगायचे नसतात, पण तुम्हाला सांगतो. वीसपैकी अठरा."

दुसरी कुणी असती तर आनंदाने रडली असती. मावशीने विचारलं, "दोन कुठे गेले?"

बाईंनी कपाळाला हात लावला. परीक्षक मात्र शांतपणे म्हणाले, "साधन किती उंचीवर होतं ते तुम्ही वहीत लिहिलं नव्हतं."

मावशीने क्षणभर विचार केला. "बरोबर आहे," ती म्हणाली. "उंची न घेता पँट शिवली. दोन कमीच कापलेत. आता मला कुणीतरी उठवा."

निकाल लागला तेव्हा विज्ञानात सत्तेचाळीस होते. कंडक्टरने गुणपत्रिका नाकाशी धरली, लांब धरली, पुन्हा नाकाशी धरली. "तुला पस्तीसच्या स्टॉपला उतरायचं होतं ना? हे तर डेपोपर्यंत गेलं!" असं म्हणाला आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने आत जाऊन बराच वेळ चष्मा पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी मावशी शिवणवर्गाच्या कार्यालयात गेली. सचिवांनी फॉर्म पुढे केला. 'शिक्षण' या शब्दापुढची ओळ अकरा वर्षं दर वेळी ती रेघ मारून कोरी सोडायची. या वेळी तिथे तिने लिहिलं: दहावी उत्तीर्ण. इतकं ठसठशीत लिहिलं की मागच्या पानावर अक्षरं उमटली. कॉलरवाली तिथेच होती. तिने पुढे येऊन वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बरं झालं मावशी. मला रात्रीची झोप लागत नव्हती. तुमची हजेरी कशी घ्यायची या विचाराने."

"कॉलर आता सरळ लावतेस ना?" मावशीने विचारलं, आणि तिच्या गालावर चापट मारली.

आता गोष्ट एवढ्यावर मिटायला हवी होती, पण घरात कंडक्टर आहे. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी पायरीवर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रयोगाची कथा सांगतो. पहिल्या आठवड्यात बॉबिन प्रयोगशाळेच्या भिंतीवर जाऊन आपटली. दुसऱ्या आठवड्यात ती खिडकीतून बाहेर गेली. परवा तर त्याने पाववाल्याच्या भावाला सांगितलं, "अरे, मैदान ओलांडून गेली! बसच्या थांब्यावर माणसं उभी होती, ती खाली वाकली!"

आत मशीनचा आवाज थांबला. पडदा बाजूला झाला आणि मावशी दारात आली, गळ्यात टेप.

"तीन मीटर बारा!" ती ओरडली. समोरच्या दुकानातली, वरच्या गॅलरीतली, पलीकडच्या वळणावरची माणसंही वळून बघायला लागली. "तीन मीटर बारा सेंटिमीटर! पंचेचाळीस अंशाला! जमिनीवरून! आणि मशीनवरून चाळीस अंशाला तीन मीटर सदुसष्ट! उंचीसकट सांगत जा!"

"बरं, बरं," कंडक्टर पुटपुटला.

"ज्यांना खोटं वाटतं त्यांनी आत यावं, करून दाखवते," मावशी म्हणाली, आणि दार तिने सताड उघडंच ठेवलं.